मधुमेहाची औषधं: किती घ्यायची, केवढ्याला घ्यायची आणि उरली तर काय करायचं

मधुमेहाचं निदान झालं की डॉक्टर खाण्यापिण्याबद्दल सांगतात, चालायला सांगतात, पायांची काळजी घ्यायला सांगतात. औषधांची खरेदी कशी करायची, हे मात्र कुणी बसवून शिकवत नाही. आणि खर्च तर आयुष्यभराचा असतो. आमच्या घरी आई इन्सुलिनवर आहे आणि बाबा गोळ्यांवर. दोघांची औषधं आणण्याचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. या काळात एक गोष्ट पक्की कळली. मेडिकलच्या काउंटरवर घासाघीस करून फार काही वाचत नाही. वाचतं ते घरून हिशेब करून निघाल्यामुळे. कपाटात साठलेली जास्तीची औषधं म्हणजे बचत, असंही समजू नका. मधुमेहात ती धोक्याची ठरू शकतात.

खाली लिहिलंय ते महाराष्ट्रात राहणाऱ्या, नुकतं निदान झालेल्या किंवा आईवडिलांची औषधं सांभाळायला लागलेल्या लोकांसाठी आहे. कोणतं औषध घ्यायचं, किती घ्यायचं, ते डॉक्टरच ठरवतील. त्यात आपल्या मनानं काहीही बदलू नका. आपण फक्त खरेदी, साठा आणि उरलेल्या औषधांचं बोलू.

सुरू करण्याआधी हे समोर घ्या

- डॉक्टरांची आत्ताची चिठ्ठी आणि तिच्या आधीची चिठ्ठी
- गेल्या दोन-तीन महिन्यांची बिलं
- घरातल्या सगळ्या स्ट्रिप्स आणि बाटल्या: फ्रिजमधल्या, देवघराशेजारच्या डब्यातल्या, पर्समधल्या, गावच्या घरातल्यासुद्धा
- इन्सुलिन असेल तर सिरिंजचं पाकीट किंवा इन्सुलिन पेन (पेनसारखं दिसणारं, इन्सुलिन टोचायचं उपकरण)
- पुढच्या भेटीची तारीख
- एक वही, आणि फोनवर ‘जनऔषधी सुगम’ (जनऔषधी म्हणजे सरकारी योजनेतली स्वस्त औषधांची दुकानं) आणि ‘फार्मा सही दाम’ ही दोन सरकारी ॲप्स

१. ब्रँडचं नाव सोडा, त्याखालचा घटक वाचा

स्ट्रिपवर मोठ्या अक्षरात ब्रँड असतो आणि त्याखाली बारीक अक्षरात घटक: मेटफॉर्मिन ५०० मिग्रॅ., ग्लिमेपिराइड १ मिग्रॅ., सिटाग्लिप्टिन ५० मिग्रॅ. वगैरे. वहीत प्रत्येक गोळीपुढे तिचे घटक आणि मिलिग्रॅम लिहून काढा. एका गोळीत दोन किंवा तीन घटक असणं मधुमेहात नेहमीचं आहे.

हे लिहून काढलं की दोन गोष्टी लगेच दिसतात. एक म्हणजे, दोन वेगळ्या नावांच्या गोळ्यांत तोच घटक आहे का. दोन डॉक्टरांकडे उपचार चालू असतील, एक गावात आणि एक शहरात, तर हे सर्रास घडतं. दुसरी गोष्ट म्हणजे नावापुढचे आकडे आणि अक्षरं. ‘१’ आणि ‘२’ यांत ग्लिमेपिराइडची मात्रा दुप्पट होते. ‘एम’ असेल तर बहुतेक वेळा मेटफॉर्मिन जोडलेलं असतं. ‘एसआर’, ‘ईआर’, ‘एक्सआर’ असेल तर औषध हळूहळू सुटावं अशी ती गोळी बनवलेली असते. ती चुरून द्यायची नाही, आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय मोडायचीही नाही. जास्त ताकदीची गोळी स्वस्त पडते म्हणून अर्धी करून खाणारे लोक मी पाहिलेत. अशा गोळ्यांच्या बाबतीत तसं मुळीच करू नका.

२. गोळ्यांचा आकडा घरीच काढा

‘महिन्याचं द्या’ असं काउंटरवर म्हणू नका, कारण महिना म्हणजे किती गोळ्या हे मग दुकानदार ठरवतो. कुठली स्ट्रिप १० गोळ्यांची, कुठली १५ ची, कुठली २० ची. दिवसाला दोन गोळ्या असतील तर ३० दिवसांच्या ६०, म्हणजे १५ च्या चार स्ट्रिप्स. दिवसाला एक असेल तर १० च्या तीन. एक औषध पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला संपतं, दुसरं वीसला, आणि मग वेळेवर एखादं राहून जातं. सगळी औषधं एकाच दिवशी संपतील अशी जुळवून घ्या.

मी महिना धरतच नाही. डॉक्टरांच्या पुढच्या भेटीपर्यंतचे दिवस मोजायचे, त्यात आठवडाभराचे जास्तीचे दिवस धरायचे, त्याला रोजच्या गोळ्यांनी गुणायचं आणि घरात आहेत त्या वजा करायच्या. येणारा आकडा कागदावर लिहून न्यायचा. भेटीत औषध बदललं तरी हातात उरतात त्या आठवडाभराच्याच गोळ्या.

पूर्ण स्ट्रिप नको असेल तर कापून मागा. सुट्ट्या गोळ्यांसाठी स्ट्रिपच्या किमतीच्या प्रमाणापेक्षा जास्त पैसे घ्यायला औषध किंमत नियंत्रण आदेशानुसार मनाई आहे. फक्त एक्स्पायरीची तारीख आणि बॅच नंबर बिलावर आहेत ना ते पाहा, कारण स्ट्रिपच्या एका टोकालाच ते छापलेले असतात आणि कापलेल्या तुकड्यावर नेमके नसतात.

३. इन्सुलिनचा हिशेब युनिटमध्ये करा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून जरा सावकाश वाचा. युनिट म्हणजे इन्सुलिन मोजायचं माप.

आपल्याकडे ह्यूमन इन्सुलिनची १० मिलिलिटरची बाटली बहुतेक वेळा एका मिलिलिटरला ४० युनिट अशी येते. म्हणजे पूर्ण बाटलीत ४०० युनिट. पेनमध्ये घालायची कार्ट्रिज ३ मिलिलिटरची असते, पण तिच्यात मिलिलिटरला १०० युनिट असतात, म्हणून एकूण ३०० युनिट. बाटली कार्ट्रिजच्या तिप्पट मोठी दिसते, म्हणून इन्सुलिनही तिप्पट असणार असं वाटतं. तसं नाही.

आता उदाहरण घ्या. सकाळी १८ आणि संध्याकाळी १२, असे दिवसाला ३० युनिट. बाटली असेल तर एक बाटली १३ दिवस पुरेल. महिन्याला लागतील ९०० युनिट, म्हणजे सव्वादोन बाटल्या. पेन असेल तर प्रत्येक टोचणीआधी २ युनिट हवेत सोडून पाहायचे असतात, तेही धरा. दिवसाला ३४, महिन्याला १०२० युनिट, म्हणजे जवळपास साडेतीन कार्ट्रिज. हे सोडायचे युनिट न धरल्यामुळे ‘तीन कार्ट्रिज पुरतील’ असं वाटतं आणि महिनाअखेरीला ऐनवेळी धावपळ होते.

दुसरी बाजू कमी मात्रेची. समजा रात्री फक्त ८ युनिट आहेत. ४०० युनिटची बाटली हिशेबानं ५० दिवस चालेल. पण उघडलेलं इन्सुलिन बहुतेक लेबलांवर २८ दिवसांपर्यंतच वापरायला सांगितलेलं असतं, काहींवर त्याहून जास्त. २८ दिवसांत २२४ युनिट संपतील आणि १७६ टाकून द्यावे लागतील. कार्ट्रिजमध्ये रोजचे १० धरले तर २८ दिवसांत २८० जातात आणि फक्त २० वाया जातात. त्यामुळे मात्रा कमी असेल तेव्हा स्वस्त दिसणारी बाटली खरंच स्वस्त पडते का, ते मांडून पाहा. किमतीला प्रत्यक्ष वापरल्या जाणाऱ्या युनिटांनी भागायचं, लेबलवरच्या युनिटांनी नाही. आणि बाटलीवरून पेनवर जायचं असेल तर ते डॉक्टरांकडून लिहून घ्या.

सिरिंजची चूक सगळ्यात महागात पडते. ४० युनिटच्या इन्सुलिनची सिरिंज लाल टोपणाची आणि १०० युनिटच्या इन्सुलिनची नारिंगी टोपणाची. १०० चं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजनं २० च्या रेषेपर्यंत ओढलं तर शरीरात २० ऐवजी ५० युनिट जातात. माणूस बेशुद्ध पडू शकतो. उलट झालं तर २० ऐवजी ८ च जातात आणि शुगर का चढतेय ते कुणालाच कळत नाही. दुकानातून निघण्याआधी बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा शेजारी धरून पाहा, मग टोपणाचा रंग कोणताही असो.

बाटली किंवा कार्ट्रिज उघडली की त्यावर तारीख लिहा. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं, फ्रीझरच्या कप्प्यापासून लांब. एकदा गोठलेलं इन्सुलिन नंतर वितळलं तरी वापरायचं नाही. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात, लोडशेडिंगमध्ये किंवा घरी फ्रिज नसेल तेव्हा, चालू बाटली प्लॅस्टिकच्या बंद डबीत घालून ओल्या मातीच्या मडक्यात ठेवली तर उष्णतेपासून बरंच संरक्षण मिळतं.

४. ग्लुकोमीटर घेताना आधी स्ट्रिप्सचा भाव विचारा

घरी शुगर तपासायचं हे यंत्र एकदाच घ्यायचं असतं, रक्ताचा थेंब लावायच्या स्ट्रिप्स कायमच्या. स्वस्तात किंवा फुकट मिळालेल्या यंत्राच्या स्ट्रिप्स महाग असू शकतात, आणि एका कंपनीच्या स्ट्रिप्स दुसरीच्या यंत्रात चालत नाहीत. आठवड्यातून किती वेळा तपासायचं हे डॉक्टरांना विचारून मगच २५ ची डबी घ्यायची की ५० ची ते ठरवा. डबी उघडल्यापासून किती महिने चालते तेही तिच्यावर लिहिलेलं असतं. आठवड्याला दोनदाच तपासणाऱ्यानं १०० स्ट्रिप्स घेण्यात काही फायदा नाही.

५. भाव कुठे कमी होतो

चिठ्ठीवर ब्रँड लिहिलेला असेल आणि औषध शेड्यूल एचमधलं, म्हणजे फक्त डॉक्टरांच्या चिठ्ठीवर विकायचं असेल, तर केमिस्टनं त्याऐवजी दुसरं औषध द्यायला कायद्यानं परवानगी नाही, अगदी तोच घटक असला तरी. त्यामुळे ‘यातलंच स्वस्त द्या’ असं केमिस्टला म्हणण्याआधी डॉक्टरांशी बोला. मी सरळ विचारते, ‘डॉक्टर, हे जनऔषधीत मिळतं, घेतलं तर चालेल का? चालत असेल तर घटकाच्या नावानं लिहून द्याल का?’ बहुतेक डॉक्टर लिहून देतात. नको म्हणाले तर कारण विचारा, कधी कधी खरंच कारण असतं.

फरक केवढा असतो? सप्टेंबर २०२२ मध्ये, सिटाग्लिप्टिनचं पेटंट संपल्यावर (म्हणजे ते बनवण्याचा एकाच कंपनीचा हक्क संपल्यावर), जनऔषधी केंद्रांत त्याच्या ५० मिग्रॅ.च्या १० गोळ्या ६० रुपयांना आल्या. तेव्हा बाजारातले ब्रँड १६२ ते २५८ रुपयांच्या दरम्यान होते. एम्पाग्लिफ्लोझिनचं पेटंट मार्च २०२५ मध्ये संपलं. मूळ ब्रँडची एक गोळी साठ रुपयांच्या घरात होती, काही कंपन्यांनी तीच १० रुपयांच्या आत आणली. डॉक्टरांनी दोन-तीन वर्षांपूर्वी लिहून दिलेला महागडा ब्रँड तुम्ही तसाच पुढे चालू ठेवला असेल, तर त्या घटकाचं पेटंट मधल्या काळात संपलं आहे का, हे पुढच्या भेटीत जरूर विचारा. वर्षातून एकदा हा प्रश्न विचारला तरी पुरे.

मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड, ह्यूमन इन्सुलिन ही औषधं राष्ट्रीय आवश्यक औषध यादीत आहेत. २०२२ च्या यादीत ग्लार्जिन इन्सुलिन आणि टेनेलिग्लिप्टिन यांचीही भर पडली. यादीतल्या औषधांना सरकार कमाल किंमत ठरवून देतं आणि ती ‘फार्मा सही दाम’वर बघता येते. यादीबाहेरच्या औषधांची एमआरपी कंपनीला वर्षाला १० टक्क्यांपर्यंत वाढवता येते. मात्र नेमकी मात्रा आणि नेमका प्रकार जुळतोय का ते बघूनच तुलना करा. साधं मेटफॉर्मिन आणि एसआर यांचे भाव वेगळे असणारच. आणखी एक: २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा आणि ग्लुकोमीटरच्या स्ट्रिप्सवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे.

देशभरात १५ हजारांहून जास्त जनऔषधी केंद्रं आहेत, पण प्रत्येक ठिकाणी प्रत्येक औषध असतंच असं नाही. निघण्याआधी ॲपमध्ये घटकाचं नाव टाकून जवळचं केंद्र शोधा आणि फोन करून विचारा. उन्हातान्हात म्हाताऱ्या माणसाला उगाच हेलपाटा नको.

ऑनलाइन मागवताना सवलत मिळते हे खरं. पण ‘दर महिन्याला आपोआप पाठवा’ हा पर्याय बंद ठेवा. मात्रा बदलली तरी जुन्या मात्रेचं पार्सल येत राहतं आणि घरात नको असलेल्या गोळ्यांचा ढीग साठतो. इन्सुलिन शक्यतो जवळच्या दुकानातूनच घ्या, आणि मे महिन्यात तर नक्कीच.

६. मोफत कुठे मिळतं

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालय यांचा त्यात समावेश होतो. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइडसारख्या नेहमीच्या गोळ्या तिथे मिळतात. आधार कार्ड, जुनी फाईल आणि शेवटचे रिपोर्ट घेऊन असंसर्गजन्य आजारांच्या (मधुमेह, रक्तदाब वगैरे) तपासणीत नाव नोंदवा. एखादं औषध संपलेलं असू शकतं, म्हणून शेवटची गोळी उरेपर्यंत थांबू नका. मुंबईत ‘आपला दवाखाना’ही जवळ असेल तर तिथे चौकशी करा.

बिलं फेकू नका. घरातल्या ज्येष्ठ नागरिकांचा आरोग्य विमा नसेल आणि तुम्ही जुन्या करपद्धतीत असाल, तर त्यांच्या औषधोपचाराच्या खर्चावर वर्षाला ५० हजार रुपयांपर्यंत वजावट मिळते. त्यासाठी पैसे रोख दिलेले चालत नाहीत, यूपीआय किंवा कार्डनं द्या.

७. साठा किती असावा

नवं निदान असेल तर पहिले तीन-चार महिने फक्त पुढच्या भेटीपुरतंच घ्या. या काळात मात्रा बदलतेच, कारण मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी झाली की डॉक्टर औषध पुन्हा जुळवतात. ‘तीन महिन्यांचं एकदम घेतलं तर जास्त सवलत’ हे अशा वेळी ऐकूच नका. एक महागडी स्ट्रिप वाया गेली की ती सगळी सवलत तिथेच संपते. मात्रा स्थिरावल्यावर दोन महिन्यांचं घ्यायला हरकत नाही.

सेमाग्लुटाइड किंवा टिर्झेपटाइड यांच्यासारख्या नव्या औषधांची मात्रा साधारण चार चार आठवड्यांनी वाढवत नेतात. सुरुवातीच्या मात्रेचं पुढच्या महिन्यांचं औषध आधीच घेऊन ठेवू नका. यात हजारोंचं नुकसान होऊ शकतं.

याउलट इन्सुलिन घेणाऱ्याकडे एक न उघडलेली बाटली किंवा कार्ट्रिज नेहमी जास्तीची असलीच पाहिजे. इथे काटकसर नको. दिवाळीत दुकानं बंद असतात, पावसात रस्ते बंद होतात, बाटली हातातून पडून फुटते. टाइप १ मधुमेह (ज्यात शरीर स्वतः इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही) असलेल्या मुलाला एक दिवसही इन्सुलिनशिवाय ठेवता येत नाही.

८. उरलेल्या औषधांचं काय करायचं

औषध बदललं त्याच दिवशी जुन्या स्ट्रिप्स रोजच्या डब्यातून बाहेर काढा. हे काम उद्यावर टाकू नका. ग्लिमेपिराइडची जुनी साधी गोळी आणि तोच घटक असलेली दोन घटकांची नवी गोळी डब्यात शेजारी राहिल्या, तर आजी-आजोबा ‘दोन्ही डॉक्टरांनीच दिल्यात’ म्हणून दोन्ही घेतात. शुगर खाली जाते. वयस्कर माणसाचं मूत्रपिंड कमजोर असेल तर ती तासन् तास खालीच राहू शकते. घाम, थरथर, बडबड, गुंगी दिसली तर लगेच साखर-पाणी द्या. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका, सरळ दवाखाना गाठा.

मग उरलेल्याचे तीन गट करा.

अख्ख्या, न कापलेल्या, मुदत शिल्लक असलेल्या स्ट्रिप्स बिलासह दुकानात न्या. बरेच ओळखीचे केमिस्ट काही दिवसांच्या आत परत घेतात किंवा बदलून देतात. खरेदी करतानाच ‘औषध बदललं तर परत घ्याल ना, किती दिवसांत?’ असं विचारून ठेवा. इन्सुलिन मात्र परत घेत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. ते तुमच्या घरी किती अंशांत होतं हे दुकानदाराला कळायला मार्ग नसतो आणि पुढच्या रुग्णाला बिघडलेलं इन्सुलिन जाऊ नये.

परत न जाणाऱ्या, पण चांगल्या स्ट्रिप्स एखाद्या धर्मादाय दवाखान्याला देता येतात का ते विचारा. फार्मासिस्ट तपासून घेत असेल तरच द्या. शेजाऱ्याला किंवा कामाला येणाऱ्या मावशींना ‘तुम्हालाही शुगर आहे, या घ्या’ म्हणून देऊ नका. भावना चांगली असते, पण त्यांची मात्रा, त्यांचं मूत्रपिंड आपल्याला ठाऊक नसतं. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विकायला टाकू नका. परवान्याशिवाय औषध विकणं हा गुन्हा आहे. घरातलं माणूस गेल्यावर फ्रिजमध्ये इन्सुलिन उरतं आणि ते टाकवत नाही, हे मी समजू शकते. तेही ओळखीत कुणाला देऊ नका, रुग्णालयातल्या फार्मसीला विचारा.

मुदत संपलेलं टाकायचं. गोळ्या स्ट्रिपमधून काढा, वापरलेल्या चहाच्या चोथ्यात किंवा मातीत मिसळा, पिशवी घट्ट बांधा. संडासात किंवा बेसिनमध्ये ओतू नका. मुदतबाह्य औषधं आणि वापरलेल्या सुया हा घरगुती घातक कचरा आहे, म्हणून तो ओल्या-सुक्यात न मिसळता वेगळा द्यायचा. सुया आणि सिरिंज जाड प्लॅस्टिकच्या डब्यात, कपडे धुण्याच्या लिक्विडच्या रिकाम्या बाटलीत वगैरे, साठवा. झाकणाला चिकटपट्टी लावा, वर ठळक ‘सुया’ लिहा आणि घंटागाडीवरच्या माणसाच्या हातात देताना तोंडानंही सांगा. पिशवीत सुटी टाकलेली सुई त्यांच्याच हातात घुसते. जवळचं रुग्णालय घेत असेल तर आणखी चांगलं.

९. मुलांकडे परदेशी जाताना

अमेरिकेत वैयक्तिक वापरासाठी साधारणपणे ९० दिवसांपर्यंतचं औषध नेणं मान्य असतं. सहा महिने राहायचं असेल तर उरलेल्या तीन महिन्यांसाठी तिथल्या डॉक्टरांची वेळ जाण्याआधीच घ्या. कुरिअरनं पाठवू असं म्हणून बसू नका, पार्सल कस्टममध्ये अडकू शकतं. इतर देशांचे नियम वेगळे आहेत, व्हिसा काढतानाच पाहून घ्या.

सोबत घ्या: इंग्रजीत, घटकांच्या नावांसह, डॉक्टरांच्या लेटरहेडवरचं पत्र, मूळ स्ट्रिप्स आणि बिलं, सुया आणि सिरिंज गरजेच्या आहेत असा पत्रात उल्लेख. सगळं औषध हातातल्या बॅगेत ठेवा. इन्सुलिन खालच्या सामानात टाकलं तर गोठू शकतं.

अमेरिका-ब्रिटनमध्ये माणसांसाठी ४० युनिटचं इन्सुलिन वापरात नाही, तिथे १०० चं मिळतं. बाटलीवर असलेल्यांनी इथून पुरेशा लाल टोपणाच्या सिरिंज न्याव्यात, त्या तिथे सहज मिळणार नाहीत. आणि तिथे घेतलेली १०० ची बाटली परत आणली, तर तिच्यासोबत त्याच मापाच्या सिरिंजही आणा आणि दोन्ही एकाच पिशवीत, फ्रिजमधल्या इथल्या बाटल्यांपासून वेगळ्या कप्प्यात ठेवा.